शेतातल्या निसर्गाची नोंद मोबाईलवर: मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

शेतकरी गटांच्या बैठकांत, शेतीशाळांत आणि शेतातल्या आखाड्यावरच्या गप्पांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे घेतले आहेत. बांध, झाडं, पाणी, माती, पाखरं यांच्यासाठी शेतकरी बरंच काही करत असतो. त्याची बहुतेक वेळा कुठंच नोंद राहत नाही. जी राहते ती सरकारी सर्व्हरवर किंवा कंपनीच्या फाईलीत असते, शेतकऱ्याच्या हाती नसते. ती त्याच्या हाती यावी, यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत.

निसर्ग संवर्धन वगैरे मी काही करत नाही. मग नोंद कशाची ठेवू?

करत असता, पण त्याला तसं नाव कुणी दिलेलं नसतं. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ आणि बोराटी तुम्ही राहू दिली. ओढ्याकाठची करंज-निरगुडी साफ केली नाही. माळाचा एक तुकडा चराईला मोकळा ठेवला. उसाचं पाचट न पेटवता सरीत कुजवलं. सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरलं. विहिरीशेजारी खड्डा घेऊन दगड-वाळू भरली आणि पावसाचं पाणी त्यातून विहिरीत सोडलं. हरभऱ्यात पक्षिथांबे लावले, त्यावर कोतवाल पक्षी बसले, घाटेअळी वेचली गेली आणि एक फवारणी वाचली. मधमाश्यांचं पोळं धूर करून उठवलं नाही. हे सगळं नोंदवण्यासारखं आहे.

सगळं एकदम नोंदवायला मात्र जाऊ नका. पहिल्या वर्षी तीन-चार गोष्टी पुरेत: एक बांध, एक विहीर, असतील ती झाडं आणि फवारण्यांची वही. ज्या गटांनी पहिल्याच हंगामात वीस रकान्यांचा तक्ता केला, त्यांच्या नोंदी बैलपोळ्यापर्यंतच टिकल्याचं दिसतं.

याचे पैसे मिळतात का?

सरळ उत्तर: केवळ धुरा राखला, पाखरांना जागा ठेवली म्हणून तुमच्या खात्यावर दरवर्षी रक्कम येईल, अशी सोय आपल्याकडे नाही. युरोपीय संघात अशा कामांसाठी शेतकऱ्याला पैसे मिळतात. तिथे २०२३ पासून सेंटिनेल उपग्रहांच्या आधारे शेतांवर देखरेख ठेवणं सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक केलं आहे आणि शंका आली तर शेतकरी मोबाईलवरून जागेच्या खुणेसह फोटो पाठवतो. तिथली अ‍ॅप त्या अनुदानाभोवती बांधलेली आहेत. म्हणून तिकडचं अ‍ॅप इकडे आणून उपयोग होत नाही.

आपल्याकडे पैसे मिळतात ते कामाला: शेततळं, फळबाग, बांधबंदिस्ती, ठिबक. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ मध्ये सुरू झाला आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे पहिल्यापासून त्यात होते. तिथेही आणि महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवरही कागदपत्रं, मोका तपासणी आणि फोटो यांवरच अनुदान सुटतं. ज्याच्याकडे काम होण्याआधीचा फोटो आहे त्याची फाईल अडत नाही, हे कुठल्याही सेवा केंद्रावर विचारून पाहा.

याहून मोठा फायदा तुमच्या स्वतःच्या निर्णयात आहे. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी ६८० मिलीमीटरच्या आसपास. एखाद्या वर्षी तो दडी मारतो, एखाद्या वर्षी आठवड्यात धो धो ओतून जातो. चर खोदल्यानंतर विहिरीचं पाणी फेब्रुवारीऐवजी एप्रिलपर्यंत पुरतंय का, हे तीन वर्षांच्या नोंदीतूनच कळतं. आठवणीवर विसंबलं की वाईट वर्ष तेवढं लक्षात राहतं.

मग कोणतं अ‍ॅप घ्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याचं एका नावात उत्तर नाही, कारण सगळी कामं करणारं एकच अ‍ॅप नाही. जे बंधनकारक आहे ते आधी नीट करा, मग आपल्या गरजेचं एखादं जोडा.

पहिलं ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची पद्धत आली. आता त्याची डीसीएस, म्हणजे डिजिटल क्रॉप सर्व्हे, आवृत्ती वापरात आहे. बहुतेक जण त्यात पीक टाकतात आणि बाहेर पडतात. त्याच अ‍ॅपमध्ये कायम पड क्षेत्र आणि बांधावरची झाडं नोंदवायचीही सोय आहे. आपल्या भागात ही दोन बटणं फार थोडे लोक दाबतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी सुटलेली संधी आहे. ही नोंद थेट सातबाऱ्यावर जाते. खासगी अ‍ॅपमधल्या कुठल्याही सुंदर नकाशाला एवढं वजन नाही.

दुसरं, फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश छापणारा कॅमेरा. जीपीएस मॅप कॅमेरा किंवा नोटकॅम बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असतो. सरकारी कामांचे फोटो गावात त्यावरच काढले जातात.

तिसरं नकाशासाठी. गूगल अर्थ मोबाईलवर मराठी लिहिता येतं, शेताची आकृती काढता येते, बांधाची लांबी मोजता येते. गट नंबरची हद्द पाहायला सरकारचं महाभूनकाशा. इस्रोचं भुवन २००९ पासून आहे आणि पाणलोटाची, जमिनीच्या वापराची माहिती तिथे फुकट पाहता येते, पण ते मोबाईलवर जड चालतं. गटातल्या एखाद्या पोराच्या लॅपटॉपवर पाहिलेलं बरं.

चौथं, शेतकऱ्यांचा गट किंवा उत्पादक कंपनी असेल तर कोबो टूलबॉक्स. यात आपले प्रश्न आपण मराठीत लिहून फॉर्म बनवतो, तो फोनमध्ये रेंज नसताना भरता येतो आणि गावात आल्यावर पाठवता येतो. एकदा बसवायला जाणता माणूस लागतो. नंतर पन्नास शेतकऱ्यांची माहिती एका तक्त्यात येते. एकट्या शेतकऱ्याने याच्या वाट्याला जाऊ नये. त्याला वही आणि कॅमेरा पुरतो.

हवामानासाठी मेघदूत, विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी, सल्ल्यासाठी कृषी विभागाचं महाविस्तार ही चांगली आहेत, पण ती माहिती घेण्यासाठी. नोंद ठेवण्यासाठी नाहीत.

बांधावरची झाडं सातबाऱ्यावर चढवली तर पुढे तोडायला अडचण येईल ना?

ही भीती जवळजवळ प्रत्येक गावात आहे आणि तिच्यामुळेच नोंदी होत नाहीत. परवानगी लागते की नाही हे झाडाच्या जातीवर ठरतं, नोंदीवर नाही. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन अशी झाडं येतात. यातलं झाड तोडायला परवानगी घ्यावीच लागते, मग ते सातबाऱ्यावर असो वा नसो. अनुसूचीत नसलेलं झाड नोंदवलं म्हणून ते अनुसूचीत जात नाही.

उलट नोंद नसल्याचा तोटा ठरलेला असतो. रस्ता, कालवा, रेल्वे यांसाठी जमीन गेली की झाडांचं मूल्यांकन वेगळं होतं. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला तेव्हा झाडं, विहिरी, पाईपलाईन यांचा हिशेब प्रत्येकाला मांडावा लागला. साठ वर्षांची चिंच होती हे तोंडी सांगणं वेगळं आणि चार वर्षांपूर्वीची नोंद दाखवणं वेगळं.

फोटो कसा काढला म्हणजे तो पुरावा ठरतो?

एका बांधाचं उदाहरण घेऊ. हद्दीच्या दगडाजवळ किंवा कधीच हलणार नाही अशा खुणेजवळ उभे राहा: विजेचा खांब, विहिरीचा कठडा, जुना कडुनिंब. तिथून बांधाच्या लांबीच्या दिशेने तोंड करा. एक सरळ काठी घ्या, तिच्यावर दर फुटाला रंगाचा पट्टा ओढा आणि बांधाच्या माथ्यावर रोवा. आता फोटोत तीन गोष्टी यायला हव्यात: काठी, बांधाचा पायथा आणि लांब मागे एखादी ओळखीची खूण, म्हणजे शेजारचं झाड किंवा डोंगराची सोंड. पुढच्या वर्षी हाच फोटो त्याच दगडाजवळून, त्याच दिशेने काढला की माती किती खचली, गवत किती चढलं, कुठे फुटलं हे न सांगता दिसतं.

वेळा चार: मे अखेर सगळं कोरडं असताना, पहिला मोठा पाऊस ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी, सप्टेंबरच्या शेवटी गवत पूर्ण वाढल्यावर, आणि रब्बीची काढणी झाल्यावर. पहिल्या पावसानंतरचा फोटो सगळ्यांत मोलाचा, कारण पाणी कुठून घुसलं आणि कुठून माती घेऊन गेलं याच्या खुणा दोन दिवसांत पुसल्या जातात. त्या दिवशी पेरणीची घाई असते हे खरं, पण जाता-येता एक फोटो होतो.

फोन काढल्यावर लगेच बटण दाबू नका. मोकळ्या आभाळाखाली अर्धा मिनिट थांबा, जीपीएस जागा पकडतं. दाट झाडाखाली ते हमखास चुकतं. काच पुसून घ्या. भर दुपारी काढू नका, मातीचा उतार सपाट दिसतो. सकाळी किंवा ऊन कललं की सावलीमुळे चढ-उतार उठून दिसतो.

फोटोला नाव देताना गट नंबर, जागा, महिना एवढं पुरे: «११२ पूर्व धुरा जून». बोलून टाईप करायची सोय वापरली तर दहा सेकंदांचं काम आहे. आणि एक ध्यानात ठेवा, फोटोवर छापलेली तारीख-जागा काही अ‍ॅपमध्ये हाताने बदलता येते. हे अधिकाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणून फोनच्या साध्या कॅमेऱ्यातही लोकेशन चालू ठेवून एक जोडफोटो काढा आणि मूळ फाईल तशीच राहू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून ठेवले तर?

चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलं की त्यातली जागेची आणि कॅमेऱ्याची आतली माहिती गळून जाते आणि फोटो बारीकही होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग फाईल जशीच्या तशी जाते.

आमच्या शिवारात रेंजच नाही.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ही अडचण आहेच. पण जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, ते थेट उपग्रहावरून जागा घेतं. फोटो, कोबोचा फॉर्म, ई-पीक पाहणीतली माहिती हे सगळं शेतात भरून गावात आल्यावर चढवता येतं. शेवटच्या तारखेची वाट मात्र पाहू नका. त्या दिवसांत सर्व्हर चालत नाही आणि मग दोष कुणाला द्यायचा हा वाद उरतो.

विहिरीची, बोअरची नोंद कशी ठेवायची?

दोरीला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. दर वेळी कठड्याच्या एकाच खुणेपासून, आणि पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केल्यावर नव्हे. रात्रभर पंप बंद राहिला की पहाटे मोजा.

महिने ठरवताना भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे महिने धरा: पावसाळा संपताना सप्टेंबर-ऑक्टोबर, मग जानेवारी, मार्च आणि मे. यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच वेळी मोजते. तुम्हीही तेव्हाच मोजलं तर गावाच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळवून पाहता येतो. जालना, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावं अटल भूजल योजनेत होती. तिथे गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची सवय लोकांना झाली आहे. त्या गावांतल्या कुणाला विचारलं तर ते नीट सांगतील.

आकडा वहीत आणि वहीच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये. याला अ‍ॅप लागत नाही.

एका विहिरीचा आकडा एकटा फार काही सांगत नाही. ओढ्याच्या दोन्ही अंगाच्या सात-आठ विहिरी एकाच आठवड्यात मोजल्या तर नाला खोलीकरणाचा उपयोग कुणाला झाला आणि कुणाला नाही हे स्पष्ट होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यानंतर जलसंधारणाची कामं झाली, पण कामाआधीची पातळी लिहिलेल्या विहिरी थोड्याच, त्यामुळे काम फळलं का यावर अजून नुसती चर्चा होते.

पाखरं, फुलपाखरं, मधमाश्या यांची नोंद शेतकऱ्याने का ठेवावी? तो अभ्यासकांचा विषय आहे.

शेतकऱ्याचाच आहे. कोणतं पाखरू अळी खातं आणि कोणतं कणसावर बसतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. रब्बी ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे येतात. वेडा राघू, खाटीक, कोतवाल, भारद्वाज हे किडीवर जगतात. टिटवी आणि लाव्हरी उघड्या माळावर, ढेकळांत अंडी घालतात, म्हणून माळाचा तुकडा नांगरायचा महिना बदलला तरी त्यांची पिल्लं वाचतात. तूर आणि सूर्यफुलाच्या शेंगा-दाण्यांत मधमाशीचा वाटा किती, हे पोळं उठून गेल्यावरच लक्षात येतं.

नाव कळत नसेल तर मर्लिन हे फुकट अ‍ॅप आवाजावरून पक्षी ओळखायला मदत करतं. त्याचंच भावंड असलेलं ईबर्ड. तिथे यादी नोंदवता येते आणि पक्ष्यांची मराठी नावंही निवडता येतात. झाडं, कीटक, साप यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट किंवा भारत जैवविविधता पोर्टल. मर्लिन चुकू शकतं. आवाज जुळला आणि पाखरू दिसलं, अशी दोन्हीची खात्री झाली तरच लिहा.

ही माहिती गावाच्याही उपयोगाची आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत मागून पाहा. पुष्कळदा ती शेजारच्या गावाची झाडं उतरवून भरलेली आढळेल. शेतकऱ्यांच्या खऱ्या नोंदींनी ती दुरुस्त करणं हे मोलाचं काम आहे आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, ग्रामसभेत विषय मांडावा लागतो.

घरटी, घोरपडीची बिळं, मोरांच्या बसण्याच्या जागा यांचे फोटो ठिकाणासह कुठेही टाकू नका. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप धूसर करतं, पण व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक करत नाहीत. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य असो की गौताळ्याच्या पायथ्याची शेतं, शिकारी तिथे फिरतात आणि त्यांच्याही हातात मोबाईल आहे.

कामगंध सापळे आणि फवारणीची नोंद यात कशी येते?

वाचलेली प्रत्येक फवारणी हे संवर्धनच आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस गेला तेव्हापासून मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे हे सापळे बहुतेकांना माहीत झाले. सापळा लावतात, पण पतंग मोजत नाहीत. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ आली असं समजतात. तो आकडा रोज लिहिला नाही तर दुकानदार सांगेल ती तारीख फवारणीची ठरते. सापळ्यातल्या पतंगांचा फोटो आणि शेजारी कागदावर तारीख, एवढीच नोंद. लातूर, बीड, धाराशिवकडे २०२२ मध्ये शंखी गोगलगायीने सोयाबीनची रोपं खाल्ली, तेव्हाही गोगलगायी कोणत्या बांधापासून आत आल्या हे ज्यांनी टिपलं होतं ते पुढच्या वर्षी त्या कडेला आधी उभे राहिले.

उपग्रहावरून माझा बांध दिसतो का?

नाही. फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-२ च्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो. तीन फुटांचा बांध त्यात हरवून जातो. ऐन पावसाळ्यात तर ढगांमुळे आठवडेच्या आठवडे काहीच दिसत नाही. पण शेताचा हिरवेपणा, पाणी कुठे तुंबतं, पाचट पेटवलं का ठेवलं, शेततळ्यात पाणी कधीपर्यंत होतं, हे दर पाच दिवसांनी मिळणाऱ्या चित्रांतून चांगलं कळतं. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रं पाहता येतात. तुमच्या शेतावर दहा-पंधरा वर्षांपूर्वी किती झाडं होती हे एकदा घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावं.

शेजाऱ्याने बांध कोरलाय. मोबाईलच्या नोंदीवर सिद्ध करता येईल का?

येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतं. भांडण असतं फूट-दोन फुटांचं. हद्द ठरते ती भूमी अभिलेखच्या सरकारी मोजणीने. दरवर्षी एकाच खुणेपासून काढलेले फोटो मात्र «बांध पूर्वी एवढा रुंद होता» हे दाखवायला उपयोगी पडतात, कारण फोटोत काठी आणि दगड दिसतो. ते मोजणीच्या अर्जासोबत द्या, गावच्या ग्रुपवर नको. नात्यांमधला दुरावा बांधापेक्षा रुंद होऊ नये.

अतिवृष्टीच्या पंचनाम्याला या नोंदींचा काय उपयोग?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांकाठी शेतंच्या शेतं खरडून गेली. पीक गेल्याचा पंचनामा होतो, पण जमीन किती खोल गेली, बांध कुठे होता, विहीर गाळाने किती भरली हे सांगताना हातात आधीची स्थिती नसते. तुमच्याकडे मे महिन्याचा फोटो असेल, त्यात काठी असेल, तर पुराच्या दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून दुसरा काढा आणि दोन्ही सोबत जोडा. पाणी ओसरताच, पंचनाम्याला माणूस येण्याआधी काढा. आधी स्वतःची सुरक्षितता बघा. काठ ढासळत असतो.

विहीर आधीच ई-पीक पाहणीत आणि सातबाऱ्यावर असली पाहिजे. कागदावर नसलेली विहीर बुजली हे सिद्ध करणं फार जिकिरीचं होतं.

शेती मी करते, सातबारा मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावावर आहे. नोंद माझी धरतील का?

सरकारी अ‍ॅपमध्ये खातेदाराचंच नाव चालतं, तुम्ही त्यांच्या खात्यातून भरलं तरी. आता कृषी योजनांसाठी अ‍ॅग्रिस्टॅक या सरकारी डिजिटल नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तोही जमिनीशी जोडलेला आहे. त्यामुळे नाव लागणं हाच खरा मार्ग. लक्ष्मी मुक्ती योजनेत पतीच्या अर्जावरून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. तलाठी कार्यालयात, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, विचारा. पती हयात नसतील तर वारस नोंद रखडू देऊ नका.

तोवर स्वतःच्या नावाची वही, स्वतःच्या फोनमधले फोटो, बचत गटाच्या नावाने भरलेला फॉर्म हे सगळं तुमचंच. मराठवाड्यात निंदणी, वेचणी, बियाणं राखणं, परसातली झाडं, शेळ्यांची चराई बायाच बघतात. या गोष्टी कुठल्याही तयार अ‍ॅपच्या रकान्यात नसतात. बायकांच्या गटाने स्वतःचा फॉर्म बनवला की त्या येतात: कोणतं गावठी वाण कुणाकडे आहे, तरवड-घोळ-कुर्डू कोणत्या बांधावर उगवते. हे ज्ञान नोंदीत यावं याची मला फार आस आहे.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. मागे नोंद कोण ठेवणार?

घरी राहणारी म्हातारी माणसं किंवा शाळकरी पोरं. जानेवारी आणि मार्चची विहिरीची मोजणी आणि एक फोटो, एवढंच त्यांच्यावर सोपवा. तेही जमलं नाही तर त्या महिन्याची जागा कोरी सोडा. अंदाजाने भरलेला आकडा कोऱ्या जागेपेक्षा जास्त नुकसान करतो.

सेंद्रिय प्रमाणपत्राला किंवा कापूस कंपनीला या नोंदी चालतात का?

पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि माहिती पोर्टलवर चढते. तिथे शेताच्या डायरीलाच महत्त्व आहे. निविष्ठा (बी, खतं, औषधं), शेजारच्या फवारणीपासून राखलेला पट्टा, बांधावरची झाडं हे सगळं तुमच्याकडे तारखेसह असेल तर गटाच्या तपासणीत अडचण येत नाही. बेटर कॉटनसारख्या कापूस कार्यक्रमांतही शेतकऱ्याची नोंदवही असते आणि जैवविविधतेचे प्रश्न असतात. ती वही गावातला क्षेत्रीय कर्मचारी भरतो आणि घेऊन जातो. तिची प्रत मागा. देत नसतील तर पानांचे फोटो काढून मगच सही करा.

कार्बन क्रेडिटवाले गावात येतात, झाडं मोजतात, अंगठा घेतात. द्यावा का?

घाई करू नका. झाडांनी किंवा मातीने साठवलेला कार्बन मोजून विकता येतो, हे खरं. पण हे करार लांब मुदतीचे असतात, कधी वीस-तीस वर्षांचे. तेवढ्या काळात झाड तोडता येणार नाही, पीकपद्धत बदलता येणार नाही, जमीन विकली तर काय, अशा अटी आत असतात. करार मराठीत मागा. पैसे कधी, कशाच्या आधारे, विक्रीतला तुमचा हिस्सा किती, झाड दुष्काळात वाळलं तर जोखीम कुणाची, तुमच्या शेताचा नकाशा आणि फोटो कुणाच्या मालकीचे, आणि मधेच बाहेर पडता येतं का, हे विचारा. उत्तर तोंडी देत असतील तर कागदावर मागा. रोपं लावून पहिला हप्ता दिला म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका.

तुमच्याकडे स्वतःची झाडांची नोंद आधीपासून असेल तर एक मोठा फरक पडतो. कंपनी येण्यापूर्वी धुऱ्यावर कोणती झाडं होती हे तुम्हाला माहीत असतं आणि जुनी झाडं तिच्या हिशेबात घुसत नाहीत.

माझ्या शेताची माहिती दिल्याने धोका आहे का?

फुकटचं अ‍ॅप आधार, बँक खातं आणि सगळे संपर्क मागत असेल तर सोडून द्या. बांधाचा फोटो ठेवायला आधार लागत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्याखाली माहिती कशासाठी घेतली हे सांगणं आणि संमती काढून घेतली तर ती पुसणं हे घेणाऱ्यावर आहे. ओटीपी कुणालाही सांगू नका, सर्वेक्षणाला आलेल्या ओळखीच्या पोरालाही नाही.

गटाचा फॉर्म असेल तर ठरावात लिहून घ्या की माहिती गटाची आहे, बाहेर द्यायची तर सभेत ठरेल. हे दोन ओळींचं काम आहे आणि नंतरची कटकट वाचवतं.

फोन पाण्यात पडला तर सगळं गेलं का?

नोंद फक्त फोनमध्ये असेल तर गेलं. म्हणून गूगल ड्राइव्ह किंवा गूगल फोटोजमध्ये मूळ आकारात चढवून ठेवा, आणि त्या खात्याचा ईमेल व पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. पुष्कळ शेतकऱ्यांचं खातं मोबाईल दुकानदाराने उघडलेलं असतं आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. तो आजच बदलून घ्या. वर्षातून एकदा, गुढीपाडव्याला नवं साल धरता तेव्हा, त्या वर्षाचे निवडक फोटो पेनड्राइव्हवर घ्या, झाडांची यादी आणि विहिरीचा तक्ता कागदावर छापून सातबाऱ्याच्या फाईलीत लावा. सेवा केंद्रावर ही छपाई फार खर्चाची नाही. कागदावर खाली तारीख टाका आणि सही करा.